किती माणसं आणाल?

आमच्या चौघांच्या बँडमध्ये मी बेस वाजवते, आणि गिग, म्हणजे आमचे लाइव्ह कार्यक्रम, ठरवायचं कामही माझ्याकडेच आहे. गेल्या ६ वर्षांत कार्यक्रमाच्या जागांच्या जेवढ्या मॅनेजरांशी बोलले, त्यांत गाण्यांबद्दल विचारणारे मोजकेच. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती माणसं आणाल?"

सुरुवातीला राग यायचा. आम्ही वाजवायला येतोय, गर्दी जमवायला नाही! त्याच रागात एकदा ठोकून दिलं, "८० तरी येतील." शनिवारची रात्र मिळाली. आले २३ जण, त्यातले ६ आमच्याच घरचे. मॅनेजरने त्या रात्रीसाठी दोन माणसं जास्तीची बोलावली होती, साउंड इंजिनिअर दुपारपासून येऊन बसला होता. कोणी आवाज चढवला नाही. हिशेबाच्या वेळी गेटवरची वही फक्त माझ्यापुढे सरकवली. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरकी, असे चार गठ्ठे, आणि पुढे तीन सुट्या रेघा. त्या जागेकडून माझ्या मेलला पुन्हा उत्तर आलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. रिकाम्या खोलीचा खर्च त्यांच्या अंगावर पडतो.

तेव्हापासून खरा आकडा सांगते. ३० येतील, मधला वार चालेल. आणि जागाही तशीच शोधते. दीडशेच्या हॉलमध्ये ३० माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. ४० च्या खोलीत तीच ३० स्टेजच्या कडेला आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरपाशी येतात, आणि आमचा ड्रमर वेगळाच वाजवायला लागतो.

मेल सहा ओळींचा ठेवते. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपेक्षा लाइव्हचा एक व्हिडिओ पाठवते, कारण बघणाऱ्याला हे लोक स्टेजवर कसे वाजतात तेच हवं असतं. तारीख पक्की झाली की इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला कुठली वाद्यं आणि माइक जोडायचे त्याची यादी, पाठवते. आमचे १० चॅनेल होतात, ड्रमच्या वर लावलेल्या दोन ओव्हरहेड माइकना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो, बेस आणि कीबोर्डला डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायची छोटी पेटी). एवढं आधी कळवलं की साउंडचेक, म्हणजे गिगआधीची आवाजाची चाचणी, ओढाताण न होता उरकतो.

पैशाचं आधीच लिहून घ्यायचं. ठरलेली रक्कम की गेटचा वाटा? वाटा असेल तर कुठला खर्च वजा करून? बँडनेच आधी तिकिटं विकत घ्यायची आणि मग खपवायची, ही अट मात्र मी कधीच मान्य करत नाही. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर ही पद्धत बोकाळली होती, आजही ती ठिकठिकाणी भेटते. जोखीम सगळी वाजवणाऱ्यांवर टाकणाऱ्या जागेला आमची गाणी नकोच असतात.

प्रसिद्धीचं म्हणाल तर, पोस्टर करतो, रील टाकतो, पण ती आपल्याच सगळ्या फॉलोअर्सना दिसत नाही, आणि 'येणार' वर बोट ठेवणारे निम्मेही येत नाहीत. खरी माणसं येतात ती एकेकट्याला लिहिलेल्या मेसेजमुळे. सगळ्यांना एकच मजकूर ढकलला तर ते लगेच कळतं. "मागच्या वेळी तू ते शेवटचं संथ गाणं विचारलं होतंस, या वेळी सुरुवातीलाच घेतलंय," असं लिहिलं की उत्तर येतं. तिकिटं बहुतेक शेवटच्या दोन दिवसांत निघतात, म्हणून दहा दिवस आधी एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा. सोबतीला आमच्याएवढ्याच पण वेगळ्या गोतावळ्याच्या बँडला घेतो. त्यांची ३०, आमची ३०, आणि त्यांतली काही एकमेकांची होतात. गिग संपल्यावर नाव-नंबर लिहायला वही ठेवतो. तिच्यात आता २१२ नावं झाली आहेत. काहींचं अक्षर लागत नाही, त्याचं फार वाईट वाटतं.

पुढची गिग येत्या बुधवारी आहे. यादीत ४६ जण आहेत, त्यांतल्या ११ जणांना अजून लिहायचंय.