फ्रीजचे आवाज ओळखताना

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. याच दिवसांत आमच्या दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमधून घरघर ऐकू येऊ लागली. मेकॅनिकला बोलावण्याआधी हा आवाज नेमका कुठून आणि केव्हा येतो, हे समजून घ्यायचे मी ठरवले.

सुरुवात निर्धोक आवाजांपासून केली. कॉम्प्रेसरची संथ गुणगुण, तो थांबल्यावर नळ्यांमधून वाहणाऱ्या गॅसची खळखळ, आतला बर्फ वितळताना तापलेल्या हीटरवर थेंब पडून होणारी चुरचुर आणि गार-गरम होताना आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या प्लॅस्टिकची कटकट, हे सारे फ्रीज नीट चालू असल्याचेच आवाज आहेत. फ्रीज डुगडुगत असेल किंवा मागची नळी भिंतीला टेकत असेल, तर होणारा खडखडाट पुढचे पाय फिरवून आणि फ्रीज थोडा पुढे ओढून थांबतो. आमचा आवाज यातला नव्हता.

फ्रीझरचे दार उघडले की घरघर थांबे आणि दाराजवळचे बटण बोटाने दाबून धरले की पुन्हा सुरू होई. दार उघडल्यावर आमच्या फ्रीजमधला पंखा बंद होतो, त्यामुळे पात्याला काहीतरी घासत आहे हे उघड झाले. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड साचलेला बर्फ पंख्यापर्यंत पोहोचला होता. पण इतका बर्फ आला कुठून? दारात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. सगळीकडे ती अडकली, खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटली. तिथे दाराचे रबर आत दुमडले होते, आणि त्या फटीतून पावसाळी हवा सतत आत जात होती.

दूध आणि भाज्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या, प्लग काढला, दोन्ही दारे सताड उघडी ठेवून खाली जुनी पातळे अंथरली आणि रात्रभर फ्रीज तसाच सोडला. आतल्या बर्फाला इतका वेळ द्यावाच लागतो. सुरी किंवा उलथने घेऊन बर्फ खरवडण्याचा मोह मुळीच धरू नये, कारण आतली नळी फुटली तर गॅस निघून जातो, आणि हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये असणारा आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही असतो. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसले आणि दुमडलेला भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून सरळ केला. भाजीच्या खणाखाली पाणी साचत असे, तेही याच वेळी मार्गी लावले. मागच्या भिंतीतले निचऱ्याचे छिद्र कोथिंबिरीच्या काड्यांनी बुजले होते, ते सुई नसलेल्या सिरिंजमधून कोमट पाणी सोडून मोकळे केले. सकाळी फ्रीज सुरू केला तेव्हा घरघर गेलेली होती. बर्फ काही दिवसांतच परत साचला असता, तर दोष हीटरचा किंवा सेन्सरचा मानून मी मेकॅनिकलाच बोलावले असते.

पुढे एका आवाजासाठी ती वेळ आलीच. टक्, मग क्षणभर गुणगुण, पुन्हा टक्, आणि थोड्या थोड्या वेळाने तेच. गारवा मात्र नाही. वीज गेल्या-आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला, तर नळ्यांमधला दाब सारखा झालेला नसल्याने तो अडतो, म्हणून प्लग काढून काही मिनिटे थांबून पाहिले. स्टॅबिलायझरवर व्होल्टेज ठीक दिसत होते, तरी टक् थांबेना. कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले तपासणे हे विजेचे काम असल्याने मी त्याला हात लावला नाही. राजारामपुरीतल्या मेकॅनिकला फोनवर आवाजाचा हा क्रम जसाच्या तसा सांगितला. ते येतानाच नवा रिले घेऊन आले आणि तो बसवल्यावर कॉम्प्रेसर पहिल्याच टक्‌नंतर चालू राहिला.