१८ व्होल्टचं पॅनेल आणि नागपूरचा मे: चार्जरची पुढची नोंद

सौर पॅनेलवर लिथियम-आयन बॅटरी भरणाऱ्या माझ्या घरगुती चार्जरची ही पुढची नोंद. पॅनेल तेच आहे: २० वॅटचं, ३६ सेलचं, मागच्या पट्टीवर व्हीएमपी (सगळ्यात जास्त वीज मिळते ते व्होल्टेज) १८ आणि व्हीओसी (लोड नसतानाचं व्होल्टेज) २१.८ छापलेलं. बॅटरीही तीच. १८६५० आकाराचे सहा लिथियम-आयन सेल समांतर जोडलेले, साधारण १५ अँपिअर-तास. मोबाईल, छोटा पंखा आणि रात्री लाइट गेली की एक एलईडी पट्टी, एवढं तिचं काम. मधे एक्सएल४०१५ चं सीसी-सीव्ही मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं बक सर्किट, करंट आणि व्होल्टेज दोन्हींवर मर्यादा ठेवणारं), आउटपुट ४.१ व्होल्टवर बांधलेलं. ४.२ पर्यंत नेता येतं, पण शेवटच्या त्या थोड्याशा क्षमतेसाठी सेलचं आयुष्य कमी करायचं नाही. इकडच्या उन्हात तर नाहीच.

या वेळचं काम आउटपुटचं नव्हतंच, इनपुटचं होतं. बॅटरीला किती व्होल्ट जातात हे सगळेच बघतात. पॅनेलला किती व्होल्टवर उभं ठेवायचं, हे फार कमी जण बघतात. साधं बक मॉड्यूल पॅनेलची पर्वा करत नाही. ऊन कमी झालं की आउटपुट सांभाळायला ते इनपुटमधून जास्त करंट ओढतं, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज पडतं, पडलं म्हणून ते आणखी ओढतं. शेवटी पॅनेल आठ-नऊ व्होल्टवर लटकतं, कारण एक्सएल४०१५ त्याच्या खाली चालतच नाही. सीसीचा, म्हणजे करंटच्या मर्यादेचा, प्रीसेट (फिरवून बसवायचा स्क्रू) भर दुपारी बरोबर बसवला तरी सकाळी साडेसातला हेच होतं.

म्हणून इनपुटला एक तळ हवा: पॅनेल ठरावीक व्होल्टच्या खाली जाऊ लागलं की मॉड्यूलने हात आवरता घ्यायचा. हा तळ किती ठेवायचा, इथेच खरी गंमत आहे. नागपूरच्या बर्डी बाजारात पॅनेल विकणारा दुकानदार छातीठोक सांगतो, "अठराचं आहे भाऊ, उन्हाळ्यात तर अजून जोरात चालन!" पट्टीवरचे १८ व्होल्ट प्रति चौरस मीटर १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा चाचणीचे आहेत. पूर्ण ऊन आणि २५ अंशांचा सेल हे दोन्ही एका वेळी नागपूरच्या गच्चीवर मिळणं कठीणच. सेल हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी सहज जास्त तापतो. नवतप्यात हवाच ४४-४५ असेल तर पॅनेलची पाठ सत्तरीला टेकते. ३६ सेल म्हणजे ओळीने लावलेले ३६ सिलिकॉन जंक्शन. प्रत्येक जंक्शन दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट सोडतं, म्हणजे पूर्ण पॅनेल दर अंशाला सुमारे ७२ मिलिव्होल्ट. २५ वरून ७० वर गेलो की सव्वातीन व्होल्ट गेले. अठराचे उरतात पावणेपंधरा.

कागदावरचं हे गणित गच्चीवर तपासून घेतलं. तारेचा बदलता रेझिस्टर लोड म्हणून लावला, दोन मल्टिमीटर जोडले, दुपारी दोनच्या सुमारास पॅनेलची पाठ ६८ अंश असताना वाचन घेतलं. लोड काढला तर १८.९ व्होल्ट. १७.५ व्होल्टवर फक्त ०.४५ अँपिअर, म्हणजे आठ वॅटही नाही. १६ वर ०.९२ अँपिअर, १४.७ वॅट. १५ वर १.०६ अँपिअर, १५.९ वॅट. १४ वर १.१२ अँपिअर, १५.७ वॅट. १२ वर १.१५ अँपिअर, १३.८ वॅट.

या आकड्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दोन्ही बाजूंचा उतार सारखा नसणं. शिखराच्या खाली एक व्होल्ट सरकलात तर ०.२ वॅट गेले. वर अडीच व्होल्ट सरकलात तर निम्मी वीज गेली. डावीकडे पठार आहे, उजवीकडे कडा. म्हणजे '१८ व्होल्ट पॅनेलसाठी' म्हणून तयार बांधलेला चार्जर इथे मे महिन्यात अर्धपोटी चालणार, आणि घेणाऱ्याला वाटणार की पॅनेलच डुप्लिकेट आहे. उलट १५ वर बांधलेला चार्जर जानेवारीच्या थंड सकाळी दहा-पंधरा टक्के सोडेल, त्याहून जास्त नाही. ज्यांना फारशी सोल्डरिंग करायची नाही त्यांनी नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे सरळ १५ वर बांधावं आणि विसरून जावं. खरंच पुरतं.

मला ते दहा टक्केही हवे होते, म्हणून पुढची खटपट. सर्किट एका एलएम३५८ चं आहे (एका चिपमध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारे भाग). टीएल४३१ कडून २.५ व्होल्टचा संदर्भ (पॅनेलकडून ६.८ के, म्हणजे किलो-ओहम, रेझिस्टरने पोसलेला) नॉन-इन्व्हर्टिंग पायाला. पॅनेलचं व्होल्टेज दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून कमी करून इन्व्हर्टिंग पायाला. पॅनेल तळाखाली जाऊ लागलं की एलएम३५८ चं आउटपुट वर चढतं आणि १एन४१४८ डायोड व १ के मधून एक्सएल४०१५ च्या फीडबॅक पायाला (ज्यावरून ते स्वतःचं आउटपुट मोजतं) वर ढकलतं. मॉड्यूलला वाटतं आउटपुट जास्त झालं, ते ड्यूटी (आतला स्विच चालू असण्याचा वेळ) कमी करतं, पॅनेल सावरतं. आउटपुट आणि इन्व्हर्टिंग पाय यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरड टाकलाच पाहिजे, नाहीतर सगळं किणकिणत राहतं. फीडबॅकखालचा रेझिस्टर प्रत्येक बोर्डवर वेगळा असतो. तुमच्या बोर्डवरचा मोजून बघा. तो ३३० ओहमसारखा लहान असेल तर १ के च्या जागी मोठा रेझिस्टर चालणार नाही, करंट पुरत नाही.

आता तापमानाचा भाग, जो मला स्वतःला सगळ्यात आवडला. डिव्हायडरचा वरचा पाय ६८० के, खालचा १०० के. पण खालचा पाय ग्राउंडला न नेता पॅनेलच्या पाठीला चिकटवलेल्या एलएम३५ या तापमान सेन्सरच्या आउटपुटवर उभा केला. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट चढतं. ते गुणिले ६.८ म्हणजे तळ दर अंशाला ६८ मिलिव्होल्ट खाली सरकतो. पॅनेलचे ७२, आपले ६८. यापेक्षा जास्त जवळ जायची गरज नाही. २५ अंशांना तळ १७.८ व्होल्ट, ४५ ला १६.४, ७० ला १४.७. प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम नाही, एकही प्रीसेट नाही. एक काळजी घ्या: एलएम३५ करंट देऊ शकतं, आत घेणं त्याला जमत नाही. म्हणून त्याच्या आउटपुटवरून ग्राउंडला १ के लावा. डिव्हायडरचे आकडे एवढे मोठे ठेवले तेही त्याच कारणाने.

सेन्सर चिकटवताना मात्र आळस नको. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर तो सेन्सरचा दोष ठरला. आपला एलएम३५ पॅनेलपासून सुटून नुसत्या हवेत लोंबला तर तो उलट कमी तापमान सांगेल, तळ वर जाईल आणि आपण पुन्हा त्या कड्यावर. म्हणून थर्मल पेस्ट, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि त्यावर सिलिकॉन.

शॉटकी डायोड (बॅटरीचा करंट उलटा पॅनेलकडे जाऊ न देणारा) बॅटरीच्या बाजूला न लावता पॅनेलच्या बाजूला लावला आहे. या १एन५८२२ वर ०.४ व्होल्ट पडतात. १६ पैकी ०.४ म्हणजे अडीच टक्के, पण बॅटरीच्या बाजूला ४ पैकी ०.४ म्हणजे दहावा हिस्सा. शिवाय तिकडे डायोड असता तर करंटप्रमाणे ४.१ ची सेटिंगही हलत राहिली असती. मॉड्यूलचा डिव्हायडर आणि दिवा रात्री थोडे मिलिअँपिअर पितात, ते मी मान्य केलं आहे. एलएम३५८, टीएल४३१ आणि एलएम३५ डायोडच्या अलीकडे, पॅनेलवरच आहेत. रात्री ते मेलेले असतात.

कमी व्होल्टच्या बाजूला तोटा जास्त लागतो, याच कारणाने मॉड्यूल गच्चीवर न ठेवता खाली बॅटरीजवळ ठेवलं. लांब तारेतून पॅनेलचा एक अँपिअर आणायचा, बॅटरीचे साडेतीन नाही. बॅटरी तर खालीच हवी, कारण लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतही तो आकडा येतो. कूलरच्या खोलीतला कोपरा तिच्या नावावर झाला आहे. घरात यावर एकमत नाही.

तरीही भरवसा नको म्हणून एलएम३५८ चा उरलेला अर्धा भाग कामाला लावला. १० के चा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) सेलला चिकटवलेला, त्याच्याखाली ४.३ के. बीटा (तापमानाने किती बदलतो तो आकडा) ३९५० वाला एनटीसी ४५ अंशांना जवळपास तेवढाच होतो. दोन समान रेझिस्टरच्या मधल्या बिंदूशी तुलना, आउटपुट दुसऱ्या १एन४१४८ मधून त्याच फीडबॅक पायाला. सेल तापले की चार्जिंग थांबतं. थोडा हिस्टेरिसिस (बंद आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानात अंतर) लागतो, नाहीतर ४५ वर चालू-बंद चालू राहतं.

निकाल असा: दुपारी दोनला, पाठ ६९ अंशांवर, पॅनेल १४.८ वर स्थिर, बॅटरी ३.८ व्होल्टवर असताना तिच्यात साडेतीन अँपिअर. सकाळी पाठ ३८ असताना पॅनेल १६.९ वर. ढग आला की करंट पडतो, व्होल्टेज जागचं हलत नाही. मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि १६ वरून ४ वर उतरताना मॉड्यूलमधला डायोडच बहुतेक वेळ चालू असतो, त्यामुळे सिंक्रोनस बक (डायोडच्या जागी दुसरा स्विच असलेलं) घेतल्याशिवाय ती फार वाढणार नाही. ते पुढच्या खेपेला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो, म्हणून सध्या पॅनेल आडवंच ठेवलं आहे आणि धूळ रोज पुसावी लागते. मृगाच्या आधी एलएम३५ चा जोड पाण्यापासून बंदिस्त करायचा आहे. चंद्रपूरकरांपैकी कुणाकडे ३६ सेलचं पॅनेल असेल तर दुपारी दोनचं लोड काढलेलं व्होल्टेज आणि पाठीचं तापमान कळवा. तुमच्याकडे १८.५ च्या खाली जातं का, ते बघायचं आहे.