‘तेवढा गिऱ्हा खोटा काढा’

हस्तलिखित पोचल्याची कुरिअरची पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्यानंतर सात महिन्यांनी प्रकाशकांचा फोन आला, तो असा : “मॅडम, कादंबरी झकास आहे, मुलं एका बैठकीत संपवतील. फक्त शेवटी तेवढा गिऱ्हा खोटा काढा. वाळूमाफियाचा माणूस वगैरे निघू दे. मग घेऊ आपण.”

मी डोंबिवलीच्या पुलावर होते. बरं म्हणून फोन ठेवला. खाली माझी लोकल निघून गेली, तेव्हा कळलं की मी ‘बरं’ म्हणायला नको होतं.

गिऱ्हा म्हणजे आमच्याकडचं, वेंगुर्ल्याकडचं, पाण्यातलं भूत. आजी सांगायची, “तिन्हीसांजेक खाडीकडे जाव नको, गिऱ्हो हाक मारता.” ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, मासे देतो, घरी येऊन बघावं तर टोपलीत चिखल. पण त्याच्या डोक्यावरचा केस हाती लागला की तोच आपला गडी होऊन राबतो. ही आजीची आवृत्ती. शेजारच्या वाडीत विचाराल तर वेगळी सांगतील. माझ्या गोष्टीत तो सहावीतल्या मुक्ताच्या धाकट्या भावाचा, चिनूचा, आवाज घेऊन जातो आणि तिला तो परत आणायचा असतो. वय वर्षं नऊ ते बारासाठी, सव्वीस हजार शब्द.

लिहायला आठ महिने लागले, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. एकदाच सपशेल पडले, ते सांगते. भुताला नियम हवेत, नाहीतर दहा वर्षांचं पोर तिसऱ्या प्रकरणात विचारतं, ‘मग त्याने तिला लगेच का नाही धरलं?’ म्हणून मी नियम केला : ओहोटीला गिऱ्ह्याची ताकद जाते. कोकणात भरतीचं गणित सोपं असतं, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, अष्टमीला सहाला. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे अष्टमीला बरोबर मध्यरात्री! मी खूश. शेवटचा प्रसंग अष्टमीच्या मध्यरात्री, खाडीच्या उघड्या पडलेल्या तळावर. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जाणाऱ्या काकांना सुट्टीत वाचून दाखवलं तर ते हसायलाच लागले. “अगो, अष्टमीक भांगाचा पाणी. ता मागे जातला खय?” उधाण पुनवेला आणि अवसेला. अष्टमीला भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, तळ उघडा पडणारच नाही. सगळं उचलून त्रिपुरी पौर्णिमेवर नेलं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास, पाणी लांबवर गेलेलं, वर देवळात दीपमाळ पेटायला आलेली. मध्यरात्रीपेक्षा तिन्हीसांज कितीतरी भारी निघाली. शिवाय मे महिन्याऐवजी दिवाळीची सुट्टी आली आणि आंबे-फणसांची नेहमीची वर्णनं आपोआप गेली.

आता त्या सात महिन्यांबद्दल.

पहिले दोन महिने मी फोन केला नाही, कारण लेखकाने मागे लागू नये असं मला वाटायचं. (लागावं. दर महिन्याच्या पाच तारखेला लागावं.) तिसऱ्या महिन्यात कळलं, ‘वाचायला दिलंय.’ चौथ्यात ‘दिवाळी अंक उरकू देत.’ पाचव्यात ज्यांना वाचायला दिलं होतं ते गृहस्थ मुलीकडे पुण्याला गेले होते, हस्तलिखितासकट. सहाव्या महिन्यात मला नम्रपणे विचारण्यात आलं की तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का.

फोननंतर आठवड्याने दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याचं म्हणणं, खरं भूत दाखवणं म्हणजे मुलांवर अंधश्रद्धेचे संस्कार. त्यात ‘सध्याचा कायदाही लक्षात घ्यावा’ असं एक वाक्य. दुसऱ्याचं म्हणणं, एका प्रसंगात मुलांना खाडीकाठी एक भलीमोठी चामड्याची चप्पल सापडते, त्यामुळे श्रद्धावंतांच्या भावना दुखावतील. आरवलीच्या वेतोबाला लोक अशा चपला वाहतात, रात्री गावाभोवती फिरून त्या झिजतात असं मानतात. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला ते ठाऊक आहे, आणि मी लिहिलं होतं ते प्रेमानेच. थोडक्यात, माझं पुस्तक एकाच वेळी फार श्रद्धाळू आणि फार अश्रद्ध होतं, आणि दोन्ही कागद एकाच टाचणीत.

मी बँकेत काम करते. कोणी कायदा म्हटलं की कलम दाखवा म्हणायची सवय आहे. तेव्हा मी तो 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढून वाचला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं, भुताची भीती घालून लुबाडणं, चेटकीण ठरवून छळणं, या जातीच्या. गोष्ट सांगणं त्यात कुठेच नाही. हे मी पत्रात लिहून पाठवलं. उत्तर आलं, “कायद्याचं राहू द्या हो, शाळा घेणार नाहीत.” खरं कारण ते होतं. ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी इतकी चिडले नसते.

आणि आता लाज वाटते ते. मी शेवट बदलला. पंधरा दिवस रोज रात्री बसून गिऱ्ह्याला वाळूमाफियाचा माणूस केला. रात्री ड्रेजर चालवता यावा म्हणून तो गावाला घाबरवतो, मुक्ता मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करते, पोलीस येतात, सरपंच शाबासकी देतात. सगळे सांधे जुळले. भाच्याला वाचायला दिलं. वय अकरा, मतं ठाम. त्याने मन लावून वाचलं आणि विचारलं, “पण मग चिनूचा आवाज कोणी नेला होता?”

वाळूमाफिया आवाज नेऊ शकत नाही. मी म्हटलं, तो घाबरल्यामुळे बोलत नव्हता. भाचा म्हणाला, “म्हणजे मुक्ता उगाच गेली ना?” आणि टीव्ही लावला.

एवढ्या एका वाक्यात माझी पूर्ण कादंबरी पाण्यात गेली होती. भूत खोटं निघालं की त्याला भिऊनही पुढे गेलेली पोरगी वेडी ठरते, आणि पुस्तकावर विश्वास ठेवून भ्यायलेला वाचक तिच्याहून वेडा. आमच्या लहानपणीही निम्म्या भुतांच्या गोष्टींत शेवटी पांढरी चादर आणि चोरटं सोनं निघायचं. मला दरवेळी फसवल्यासारखं वाटायचं, आणि मी तेच लिहायला बसले होते.

तरी पहिल्या परीक्षकांचं एक म्हणणं मी ऐकलं, रागात असूनही. मूळ शेवटात एक भगत येऊन नारळ फोडतो आणि गिऱ्हा हटतो. ते वाईटच होतं. भगतामुळे नाही, माझ्या आळसामुळे : मी अडकले होते आणि मोठ्या माणसाला बोलावलं. आता भगत नाही. पाणी परत वळायला किती वेळ आहे हे मुक्ता आजोबांच्या कालनिर्णयातली तिथी बघून बोटांवर काढते, आणि तेवढ्या वेळात केस तोडून आणते. गिऱ्हा मात्र खराच. चप्पलही तिथेच.

हस्तलिखित मागे घेतलं आणि एका लहान प्रकाशनाकडे दिलं. तिसऱ्या आठवड्यात होकार. तिथल्या प्रकाशक बाईंनी एवढंच विचारलं, “दुसऱ्या भागात काय आहे?”

राहिलेलं, आठवेल तसं. पाठवतानाच मेलमध्ये लिहा, ‘तीन महिन्यांत न कळवल्यास अन्यत्र देईन’. हे मला कोणी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं असं, छापतात. माझं चित्रांसह एकशे सोळा पानं भरत होतं, सात फर्म्यांच्या वर चार पानं. एक अख्खं स्वप्न कापून एकशे बारावर आणलं, कोणालाही त्याची उणीव जाणवली नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रकाशक काढतात आणि तो फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर उठून या. लहान मुलांना वाचून दाखवताना चेहरे बघू नका, पाय बघा. पाय हलायला लागले की तिथे खूण करा.

आणि भुताचं नाव ठेवताना त्यात ‘ऱ्ह’ येऊ देऊ नका. मी युनिकोडमध्ये लिहिलं होतं, अक्षरजुळणी जुन्या फाँटमध्ये. रूपांतरात प्रत्येक ‘गिऱ्हा’चा ‘गिर्हा’ झाला, डोक्यावर रफार घेऊन. दोनशे चौदा ठिकाणी. शोधा-बदला चालेना, म्हणून तीन प्रुफांत लाल पेनने एकेक दुरुस्त केला. तरी पुस्तक हातात आलं त्या संध्याकाळी भाच्याचा फोन. “मावशी, सत्त्याऐंशी पानावर एक गिर्हा राहिलाय. तोच का तो, ज्याचा केस अजून तोडायचाय?”

मी हो म्हणून टाकलं.