तुम्ही विचारलंत म्हणून: भोगलेल्या माणसाने इतिहास लिहावा का?

साथरोगांच्या इतिहासावर बोललो की हा प्रश्न हमखास येतो: “डॉक्टर, ज्याने स्वतः छळ भोगला, त्याने लिहिलेल्या इतिहासावर भरवसा किती ठेवायचा?” रोख असतो मार्क द्वोर्झेत्स्कींवर, कारण माझ्या बोलण्यात त्यांचं नाव येतंच. जन्म १९०८, विल्नाचे (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) ज्यू डॉक्टर. आधी तिथल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना डांबलेल्या वस्तीत, कोंडले गेले, मग १९४३ मध्ये एस्टोनियातल्या छळछावण्यांत. जगले. १९४८ मध्ये पॅरिसमधून विल्नाच्या ज्यूंच्या संहारावरचं त्यांचं यिडिश पुस्तक निघालं, १९५३ मध्ये इस्राएल पुरस्कार मिळाला, १९६१ मध्ये ज्यूंच्या संहाराचा एक सूत्रधार, नाझी अधिकारी आइकमन, याच्या खटल्यात साक्ष दिली.

तटस्थ? छे. कसे असतील? पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय, की माणूस पक्षपाती आणि कागद मात्र निष्पाप. घेट्टोतला कागद बघा.

ऑक्टोबर १९४१ मध्ये शेजारच्या कोव्हनो शहरातल्या (आजचं कौनास) घेट्टोत जर्मनांनी संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय आतल्या रुग्णांसकट, डॉक्टरांसकट पेटवून दिलं. त्यानंतर टायफस (टायफॉइड नव्हे, उवांमुळे पसरतो तो) असं निदान कोण लिहील? विल्नाचे डॉक्टर रोग ओळखत, उपचार करत आणि नोंद दुसऱ्याच तापाची करत. फेब्रुवारी १९४२ मध्ये बाळंतपणांवर बंदी आली. तरी बाळं जन्मली. ती लपवली आणि जन्मतारीख हुकमाच्या आधीची घातली. पिवळ्या परवान्यांचंही तेच; हे कामाचे परवाने, ज्याच्याकडे असेल तो मारला जाण्यापासून वाचे. असे परवाने तीन हजार, आणि एकावर त्याच्यासोबत फक्त जोडीदार व दोन मुलं जिवंत राहायची. आईवडिलांना जागा नाही. मग यादीतली ‘पत्नी’ कधी बहीण असे, ‘मुलगा’ शेजाऱ्याचा.

आता एखादा शिस्तीचा संशोधक ही दप्तरं उघडतो. त्याला टायफस दिसणार नाही, फेब्रुवारीनंतरचे जन्म दिसणार नाहीत, कुटुंबं मात्र आखीव दिसतील. कुठली नोंद मुद्दाम चुकवली आणि का, हे सांगायला त्या वॉर्डातून फिरलेला माणूसच लागतो.

डॉक्टर म्हणून मला आणखी एका गोष्टीचं अप्रूप वाटतं. आंघोळीचा दाखला नसेल तर रेशनकार्ड नाही, असा विल्नाच्या घेट्टोत नियम होता. उकळलेलं पाणी मिळावं म्हणून चहाघरं काढली होती. तेवढ्या दाटीत, उपाशी पोटी, मोठी साथ त्यांनी उसळू दिली नाही. सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण असायला हवं, आम्हाला कुणी शिकवलं नाही.

द्वोर्झेत्स्कींचं सगळं डोळे झाकून घ्या, असं मी म्हणत नाही. आठवण दगा देते, आकडे ताडून बघावेतच; मीही बघतो. फक्त दप्तरातल्या टायफसच्या रिकाम्या रकान्यावरून ‘रोग नव्हता’ असं लिहिण्याआधी एकदा द्वोर्झेत्स्की वाचा.