तुकोबांच्या पालखीमागून केडगावला

नाना पेठेत वाढलेल्या माणसाला पालखी बघायला कुठे जावं लागत नाही. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, आणि त्या मुक्कामात आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ओट्यावर, जिन्यात, बंद दुकानांच्या फळ्यांवर वारकरी आडवे झालेले. आम्ही ख्रिस्ती, पण पालखी असेपर्यंत आईचा चहाचा टोप गॅसवरून उतरायचा नाही. नळ चालू ठेवायचा, मोरी रिकामी ठेवायची, आणि कुणी आपणहून विचारलं नाही तर आपण कोण हे सांगत बसायचं नाही, असा घरचा शिरस्ता.

यंदा मी त्या पालखीबरोबर चालत निघाले. पंढरपूरला नाही, केडगावला.

दोन्ही पालख्या पुण्यातून निघतात आणि हडपसरला वेगळ्या होतात. माउलींची दिवे घाट चढून सासवडला जाते. तुकोबांची सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोर, मग यवत, मग वरवंड. यवत आणि वरवंडच्या मध्ये चौफुला लागतो. तिथून डाव्या हाताला वळलं की केडगाव, आणि केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी काढलेला आश्रम. नकाशावर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हसू फुटलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. मला तर तुकोबा स्वतः चौफुल्यापर्यंत सोडायला येणार होते!

केडगाव आमचं कोण, हे सांगायला हवं. आईची आजी तिथली. 1900 सालच्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात, रमाबाईंची माणसं गुजरातेत जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होती. त्यांतली एक आमची पणजी. आठ-नऊ वर्षांची असावी. तिचं मूळ नाव, गाव, जात, आईबाप, काहीच कुणाला माहीत नाही. मुक्तीत तिला नाव मिळालं, मराठी मिळालं, शिवण मिळालं. पुढे लग्न होऊन ती पुण्याला आली. आईला ती आठवते. ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर म्हातारी एक शब्द बोलायची नाही, फक्त तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकायची. आमच्या घरात त्यामुळे आजही कुणी ताटात टाकत नाही. म्हणजे दया पिढ्यानपिढ्या टिकते वगैरे आपण उपासनेत म्हणतो ना, आमच्याकडे ती अशी टिकली आहे.

दरवर्षी आम्ही दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन येतो. चालत जायचं मनात आलं ते दादा गेल्यापासून. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. बेड मिळायला उशीर झाला, मिळाला तेव्हा ऑक्सिजन पुरेना, आणि पुढचं त्या वर्षी ज्यांच्या घरात झालं त्यांना सांगायची गरज नाही. दादा आईचा थोरला.

आता आमच्या घरचं स्तोत्र म्हणजे बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं 136 वं. कौटुंबिक प्रार्थनेत तेच असतं, कारण लहान मुलांनाही त्यात भाग घेता येतो. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच पालुपद: ‘त्याची दया सनातन आहे.’ एकाने अर्धी ओवी वाचायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. त्याने आकाश केलं, त्याची दया सनातन आहे. सूर्य केला, चंद्र केला, त्याची दया सनातन आहे. मग दहावी ओवी येते. मिसर (इजिप्त) देशातले प्रथमजन्मलेले त्याने मारले, त्याची दया सनातन आहे.

दादा गेल्यावर आई नववी ओवी वाचायची आणि थेट अकरावी घ्यायची. कुणी काही बोललं नाही. वहिनीही नाही. मी मात्र पालुपद म्हणायचंच बंद केलं होतं, नुसते ओठ हलवायचे.

आमच्या पाळक साहेबांनी एकदा बायबल अभ्यासात सांगितलं होतं की वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, यहुदी घरांत मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचा एकेक थेंब काढून टाकतात. मिसरी लोकांनाही आईबाप होते, म्हणून आपला आनंदाचा प्याला तेवढा उणा. मला तेव्हा ते नुसतं छान वाटलं होतं. पुढे ते फार कामाला आलं.

चालत जाणार म्हटल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीत कुजबुज झालीच. एका वडीलधाऱ्या काकांनी उपासनेनंतर गाठून विचारलं, “पालखीत जाऊन काय पादुकांना हात जोडणार का?” म्हटलं, काका, मी रस्त्याने चालणार आहे, रस्ता सरकारचा आहे. पण ते विचारतात त्यात तथ्य नाही असंही नाही. मी पादुकांच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहिले नाही, कपाळाला बुक्का लावला नाही, आणि ज्यांनी पुढे केला त्यांनीही आग्रह केला नाही. आपल्यात यात्रा नसते असं मात्र कुणी म्हणू नये. स्तोत्रसंहितेत 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत, यरुशलेमेला सणासाठी चढून जाणाऱ्यांची. येशूसुद्धा बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर त्याच वाटेने गेला आणि देवळातच मागे राहिला. इतक्या मोठ्या घोळक्यात पोरगं हरवलं तरी दिवसभर पत्ता लागला नाही, हे वारी पाहिलेल्या माणसाला लगेच पटतं.

हडपसरपर्यंत चालणं कसलं, सरकणंच ते. दोन्ही पालख्यांची गर्दी, वर पुणेकरांची. गाडीतळाच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला आणि तेव्हा कुठे दिंडी ऐकू यायला लागली. मी एका दिंडीच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगा संपतात तिथे बायकांत चालत होते. एकजण चरण उचलायचा, बाकीचे ध्रुपद धरायचे. पखवाज मध्येच चढायचा. मला चालता चालता जाणवलं की आमचं 136 वं स्तोत्र याच जातीचं आहे. ते खुर्चीत बसून वाचायला केलेलंच नाही, ते चालणाऱ्या लोकांनी एकमेकांच्या तोंडून घ्यायला केलेलं आहे. एकट्याने म्हटलं तर सव्वीस वेळा तेच तेच. घोळक्यात म्हटलं तर आपला दम संपला की शेजारचा धरतो.

लोणीला शाळेतल्या सहकारी बाईंकडे झोपले. गरम पाणी, मीठ, पाय. जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी उरुळी कांचनच्या अलीकडे एका मावशींशी गाठ पडली. बार्शीकडच्या. डोक्यावर तुळस, कमरेला प्लास्टिकची बाटली, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला.

“तुमी कुठल्या?”

“पुण्याच्याच.”

“माळ नाही गळ्यात.”

म्हटलं, मावशी, आम्ही ख्रिस्ती. चौफुल्यापर्यंतच येणार, तिथून केडगावला वळणार. आमचं एक ठिकाण आहे.

त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “नवस हाय?”

“नाही. उपकार मानायला चाललेय.”

“कशाचे?”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. पणजीचं सांगितलं. मग दादाचंही सांगितलं, का कोण जाणे. त्या बराच वेळ गप्प चालल्या. मग म्हणाल्या, “पंढरीला काय मागाया जात न्हाईत, बाई. माह्यार हाय ते. भेटून यायचं.” आणि लगेच, “तुज्याकडं गुडघ्याला लावायचं काय हाय का?” होतं. अर्धी ट्यूब त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून संपवली.

आपल्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की उभं राहून प्रभूचे उपकार मानायचे. चांगली पद्धत आहे, मी स्वतः दिल्या आहेत. पण ज्यांचं ऑपरेशन नीट झालं नाही ते त्या रविवारी मागच्या बाकावर बसलेले असतात, आणि त्यांना उभं राहायला सांगायचं कुणाला सुचत नाही. त्या मावशींनी मला रस्त्यावर उभं केलं.

यवतला तुकोबांची पालखी काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला असते, आणि यवतचं पिठलं-भाकरी वारीत प्रसिद्ध आहे. ते बघितल्याशिवाय कळत नाही. कढया इतक्या मोठ्या की माणसं दोन्ही हातांनी पिठलं ढवळत असतात, बेसन धरू लागलं की कडेचे ओरडतात, आणि मध्येच एक बुडबुडा फुटून पिवळा शिंतोडा ढवळणाऱ्याच्या बनियनवर उडतो. भाकरी गावातल्या घराघरांतून येतात. कुठली जाड, कुठली पातळ, कुठली एका बाजूने करपलेली; घर कुठलं ते भाकरीवर लिहिलेलं नसतं. माझ्या वाट्याला आली ती करपलेल्यातली. पंगतीत बसले, पिठल्याचा घास घेतला, आणि पणजी आठवली. तिलाही कुणीतरी अनोळखी हाताने पहिली भाकरी दिली असेल. ‘तो सर्व प्राण्यांना अन्न देतो’ ही 136 व्या स्तोत्राची शेवटून दुसरी ओवी. समुद्र दुभागला, राजे मारले, देश वतन दिला, एवढं सगळं झाल्यावर शेवटी हे, जेवणाचं. मी पालुपद म्हटलं. मोठ्याने नाही, पण नुसते ओठ हलवले असंही नाही. शेजारच्या आजोबांना वाटलं मी आणखी पिठलं मागतेय.

शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकली, पण झोप आली नाही. रमाबाईंचा विचार येत राहिला. आपण त्यांना विदुषी, समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्या मुळात पायी यात्रा करणाऱ्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी फिरायचे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण पाठोपाठ गेले. राहिले रमाबाई आणि भाऊ, आणि ते दोघं चालत राहिले. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी. तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मुक्तीतल्या बायकांनीच ते तिथल्या छापखान्यात छापलं. म्हणजे दहावी ओवी त्यांच्या हाताखालून गेली आहे. त्यांनी ती गाळलेली नाही. उपाशी पोरींसाठी त्या धावल्या त्या पोट भरलेल्या माणसाच्या दयेने नव्हे, हे मला यवतच्या व्हरांड्यात जितकं कळलं तितकं शताब्दीच्या भाषणांत कळलं नव्हतं.

चौफुल्याला मावशी कुठे दिसल्या नाहीत. दिंडी पुढे वरवंडकडे गेली, मी डावीकडे वळले. टाळ ऐकू येईनासे झाले तसं पाय एकदम दुखायला लागले. उसाची शेतं, गुऱ्हाळाचा धूर, ट्रॅक्टरवाल्यांचं “बसा की ताई”. नाही बसले. या केडगावात नारायण महाराजांचं बेटही आहे, त्यामुळे चालत येणाऱ्या बाईचं इथे कुणाला नवल नाही. एकाने तर न विचारताच बेटाचा रस्ता दाखवला.

आई आणि वहिनी गाडीने येऊन मुक्तीत बसल्या होत्या. आईने आधी माझे पाय पाहिले, मग डोक्यावर टोपी का नाही ते विचारलं, मग पिशवीतून बायबल काढून माझ्या हातात दिलं. नेहमी तीच वाचते. म्हणाली, “चष्मा धुरकट झालाय.”

मी वाचायला लागले, त्या दोघी पालुपद धरायला. सातवी, आठवी, नववी. नवव्या ओवीनंतर मी थांबले, अकराव्या ओवीवर बोट ठेवलं.

“दहावी वाच,” आई म्हणाली.

वाचली. पालुपद वहिनीने म्हटलं. आईचं जरा मागून आलं, पण पूर्ण आलं. पुढे सीहोन आणि ओग या राजांच्या ओव्या आल्या तशी आईने हाताने घाई केली, “हे राजे पटापट आवर, ही सकाळपासून उपाशी आहे.” ही म्हणजे वहिनी. वहिनी म्हणाली, मी कुठे, तुम्हीच.

डब्यात अंड्याची पोळी आणि चपात्या होत्या. खिमा करणार होती, पण तू वारकऱ्यांतून येणार म्हणून बेत बदलला, असं आईचं म्हणणं. वहिनीने पुढच्या वर्षी आपणही चालणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यावर चपला कुठल्या घ्यायच्या यावरून दोघींचं जुंपलं.