गांडुळांचा डबा भरताना

आजची दुपार ओट्यापाशीच गेली आणि मन अगदी शांत झालं. चार दिवसांच्या साली, देठं, चहाचा चोथा साठला होता. पूर्वी मी सगळं तसंच गांडूळखताच्या डब्यात घालायचे, आता बारीक चिरते. गांडुळांना दात नसतात. ती खातात ते कुजून मऊ झालेलं आणि त्यावरचे जिवाणू. तुकडा जितका लहान, तितका तो लवकर मऊ होतो.

केळ्याच्या साली रात्रभर फ्रीझरमध्ये होत्या. गोठताना पेशी फुटतात, म्हणून बाहेर काढल्यावर त्या काळ्या, लिबलिबीत झाल्या, बोटांनीच तुटत होत्या. शिवाय त्यांवरची चिलटांची अंडीही बरीचशी मरतात. गारवा पूर्ण गेल्यावरच घातल्या हं.

अंड्यांची टरफलं धुऊन, वाळवून कुटली. गांडुळाच्या शरीरात अन्न दळणारी एक पिशवी असते, तिथे ही कचकच उपयोगी पडते आणि डब्यातला आंबटपणाही कमी होतो. लिंबाच्या साली, कांदा, तेलकट उरलंसुरलं मात्र वेगळं काढलं. मागे एकदा लिंबाच्या साली फार झाल्या, तर बिचारी गांडुळं डब्याच्या कडांवर चढून बसली होती. फार जीव तुटला होता तेव्हा.

मग एका कोपऱ्यात सगळं पुरलं, वर भिजवून पिळलेले पुठ्ठ्याचे तुकडे पसरले. सहज जुना कोपरा उकरला, तर काळ्याभोर खतात मधाच्या रंगाचे, इवल्याशा लिंबासारखे गांडुळांच्या अंड्यांचे कोष! नऊ मोजले आणि हलकेच पुन्हा झाकून ठेवले.