बायबरीतील चार दिवस: एका इंग्रजी खेड्याच्या सुरक्षिततेची चौकशी

माझी मुलगी गेली तीन वर्षे इंग्लंडमधील स्विंडन येथे नोकरी करते. गोव्यातून आलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे, त्यामुळे बाजारात फिरताना कोकणी सहज कानावर पडते आणि परक्या मुलखात असल्याचे काही काळ विसरायला होते. मे महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा शहरातील भाड्याची जागा सोडून ग्लॉस्टरशायरमधील बायबरी या खेड्यालगतच्या एका वाडीत राहायला जाण्याचा विचार तिने बोलून दाखवला. घर जुने, दगडी आणि मागे लहानशी बाग असलेले होते. मात्र तिथे ती एकटी राहणार होती. "आई, तिथे काही म्हणजे काही होत नाही गं," असे ती म्हणाली. काही होत नाही म्हणजे नेमके काय होत नाही, हे मला स्वतः पाहायचे होते. त्या घराच्या मालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात आणि त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. त्यांपैकी एक आम्ही चार दिवसांसाठी घेतली.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी पोलिसांचा गुन्हे-नकाशा उघडला. इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस २०११ सालापासून प्रत्येक महिन्याच्या नोंदी रस्तावार नकाशावर मांडून सर्वांसाठी खुल्या ठेवतात. आपल्या होणाऱ्या घराच्या जवळच एक ठिपका पाहून मुलीचा चेहरा उतरला. त्या नकाशाची माहिती नीट वाचल्यावर मात्र कळले की, तो ठिपका गुन्ह्याच्या खऱ्या जागेवर मुद्दामच ठेवलेला नसतो. पीडित व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक नोंद आधीच ठरवून ठेवलेल्या जवळच्या एका बिंदूवर नेऊन बसवतात, आणि अशा बिंदूच्या परिसरात एक तर किमान आठ पत्ते असावे लागतात किंवा एकही नसावा लागतो. शहरात आठ पत्ते एका इमारतीत मावतात. विरळ वस्तीच्या खेड्यात त्या आठ पत्त्यांसाठी बराच मोठा टापू लागतो, त्यामुळे दारासमोर दिसणारी घटना प्रत्यक्षात पलीकडच्या शेतात घडलेली असू शकते.

दुसरी गोष्ट दराची. गुन्ह्यांचा दर दर हजार लोकवस्तीमागे काढतात, आणि २०११ च्या जनगणनेनुसार बायबरीची लोकसंख्या होती ६२७. समजा, तिथे वर्षभरात तीस घटनांची नोंद झाली, तर दर हजारी अठ्ठेचाळीसच्या घरात जातो. त्यात एका रात्री वाहनतळावरच्या दहा गाड्यांच्या काचा फुटल्या, तर तोच दर चौसष्टच्या जवळ पोहोचतो. गाव मात्र होते तसेच राहते. शिवाय भागाकारात धरलेली माणसे आणि गावात वावरणारी माणसे वेगळी असतात. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी या सहाशे माणसांच्या गावात हजारो पर्यटक येतात. त्यांच्या गाडीतून चोरीला गेलेली पिशवी गावाच्या खात्यावर जमा होते, पण ते स्वतः मोजदादीत कुठेच नसतात. लहान गावाचा गुन्हेदर वाचून घर ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

नोंदींची वर्गवारीही समजून घ्यावी लागते. 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हे शीर्षक वाचून छातीत धस्स होते. त्या एकाच शीर्षकाखाली जीवघेण्या हल्ल्यापासून इजा न झालेल्या धक्काबुक्कीपर्यंत, पाठलागापासून घराच्या चार भिंतींआड चालणाऱ्या मारहाणीपर्यंत सारे येते. याउलट 'असामाजिक वर्तन' म्हणून दाखवलेल्या पुष्कळ घटना कायद्याच्या काटेकोर अर्थाने गुन्ह्यांच्या मोजणीत येतच नाहीत. घरातल्या हिंसेची नोंद खेड्यात किती होत असेल, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हा आला आणि पुढचे चारही दिवस तो गेला नाही. जिथे सर्वजण एकमेकांना ओळखतात, तिथे तक्रार करायला जाणाऱ्या बाईची पावले अधिक जड होतात, हे आपल्याकडच्या गावांतही मी पाहिले आहे.

बायबरीला आम्ही नॉर्थलीचवरून वळसा घालून गेलो. रोमन काळातील फॉस वे या मार्गावर, नॉर्थलीचच्या वेशीशी, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला एक तुरुंग अजून उभा आहे. ग्लॉस्टरशायरमधील तुरुंगसुधारक सर जॉर्ज ओनेसिफरस पॉल यांच्या पुढाकाराने या परगण्यात नवे तुरुंग उभे राहिले, त्यांपैकी हा एक. कैद्यांना स्वच्छ हवा, स्वतंत्र कोठडी आणि काम मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे याच आवारात पोलीस ठाणे होते आणि खटलेही चालत. ग्लॉस्टरशायरने आपले पोलीस दल १८३९ साली, इंग्लंडमधील अगदी पहिल्या परगण्यांबरोबर उभे केले. कोठडीच्या जाड दाराला हात लावून पाहताना जाणवले की, आज चित्रासारख्या दिसणाऱ्या या टेकड्यांवरही भूक, चोऱ्या आणि शिक्षा यांचा मोठा इतिहास आहे.

बायबरीत पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कोल्न नदीचे पाणी इतके नितळ की ट्राउट मासे प्रवाहाविरुद्ध स्थिर उभे असलेले पुलावरून दिसतात. पलीकडे आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग आहे. चौदाव्या शतकात लोकरीचे कोठार म्हणून ती बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी घरे झाली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी या गावाला इंग्लंडमधील सर्वांत सुंदर खेडे म्हटले होते, आणि ती कीर्ती आज गावाला पेलवत नाही. ही घरे नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची असली, तरी त्यांत माणसे राहतात. आमच्यासमोरच एका कुटुंबाने फाटक ढकलून मुलाला थेट कुणाच्या तरी उंबऱ्यावर उभे केले आणि छायाचित्र घेतले. आतल्या बाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्या हालचालीत सरावाचा थकवा होता.

या गावातील सर्वांत गाजलेला अलीकडचा गुन्हा याच गर्दीशी जोडलेला आहे. आर्लिंग्टन रोजवळ राहणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांची पिवळ्या रंगाची लहान मोटार घराजवळ उभी असे. आपल्या छायाचित्रांत ती पिवळी गाडी येते, म्हणून पर्यटक कुरकुर करत. २०१७ च्या सुरुवातीला कुणीतरी तिच्या काचा फोडल्या, रंग खरवडला आणि बॉनेटवर 'हटवा' या अर्थाचा इंग्रजी शब्द ओरखड्यांनी कोरला. पोलिसांच्या तक्त्यात ही 'मालमत्तेचे नुकसान' या सदराखालची एक नोंद. पण ज्या माणसाला आपल्याच दारात आपली गाडी उभी करण्याची धास्ती वाटू लागली, त्याचे किती नुकसान झाले, हे त्या सदरात मावत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात देशभरातून सुमारे शंभर पिवळ्या गाड्या त्यांना पाठिंबा देण्यासाठी रांगेने बायबरीत आल्या. ही हकिकत मालकीणबाईंनी आम्हाला सांगितली, तेव्हा गाड्यांच्या रांगेबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

वाडीतले दिवस मात्र अगदी वेगळे होते. तिथे पर्यटक येत नाहीत. आमच्या खोलीपासून दोनशे पावलांवर एका शेताचे फाटक होते आणि त्याशेजारी भिंतीत अंड्यांचे कपाट. कपाटात सहा-सहा अंड्यांचे पुठ्ठे, आत खडूने लिहिलेला भाव, आणि पैसे टाकायला खाच असलेली लोखंडी पेटी. विकायला कुणी बसत नाही. अंडी घ्यावीत, पैसे टाकावेत आणि जावे. पहिल्या सकाळी मी त्या पेटीकडे जवळून पाहिले. ती चार बोल्टांनी दगडात घट्ट बसवलेली होती आणि तिच्याखाली भिंतीवर जुन्या पेटीची फिकट चौकोनी खूण होती. शेतकरीणबाई तेवढ्यात कोंबड्यांना दाणा घालून आल्या. आधीची पेटी पत्र्याची होती, ती एका रात्री कुणीतरी उपटून नेली, असे त्यांनी सांगितले. मग कपाट बंद का केले नाही, असे मी विचारले. रोजची तीस गिऱ्हाइके प्रामाणिक असताना एका चोरासाठी कपाट बंद करणे त्यांना पटले नव्हते.

त्यांच्याशी झालेल्या तासाभराच्या बोलण्यातून खेड्यातील गुन्ह्यांचे खरे रूप मला कळले. त्यांची क्वाड बाइक, म्हणजे मेंढ्यांमागे फिरायची चार चाकी दुचाकीसारखी गाडी, गोठ्याचे कुलूप तोडून चोरीला गेली होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरची जीपीएस यंत्रणा कुणीतरी काढून नेली होती, आणि नेमकी पेरणीच्या तोंडावर. गावात गॅसची वाहिनी नसल्याने घर तापवायचे तेल मागच्या अंगणातील टाकीत साठवतात. त्या टाक्या रात्रीतून रिकाम्या होतात. चर्चच्या छपरावरचे शिसे सोलून नेण्याचे प्रकार इंग्लंडभर इतके वाढले होते की, भंगार रोखीने विकत घेण्यावर सरकारला २०१२ साली बंदी घालावी लागली. सशांमागे कुत्रे सोडून पैजा लावणाऱ्या टोळ्या हिवाळ्यात शेते तुडवतात आणि हटकणाऱ्या शेतकऱ्याला धमकावतात. या प्रकाराला २००४ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि २०२२ साली शिक्षा अधिक कडक झाल्या. एनएफयू म्युच्युअल या विमा कंपनीच्या अंदाजानुसार २०२३ साली ग्रामीण गुन्ह्यांमुळे ब्रिटनमध्ये ५ कोटी २८ लाख पौंडांचे नुकसान झाले, आणि त्याच वर्षी शेतीच्या यंत्रांची चोरी रोखण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

एकट्या राहणाऱ्या मुलीला यांतले किती लागू पडते, असा विचार मी करत होते. तिच्याकडे ट्रॅक्टर नाही, मेंढ्या नाहीत. तेलाची टाकी मात्र आहे, आणि तिला कुलूप नव्हते. अंतराचा प्रश्नही आहे. सर्वांत जवळचे मोठे गाव सायरनसेस्टर, सुमारे अकरा किलोमीटरवर. संध्याकाळनंतर बस मिळत नाही, आणि तातडीच्या वेळी ९९९ क्रमांक फिरवला तरी गाडीला या अरुंद, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेल्या रस्त्यांवरून यावे लागते. आम्ही राहत होतो त्या गल्लीत रस्त्यावर एकही दिवा नव्हता आणि घराच्या आत मोबाइलची रेंज नव्हती. बोलायचे तर बागेच्या टोकाला जाऊन उभे राहावे लागे. गुन्ह्यांच्या तक्त्यात या गोष्टी कुठेही नसतात. माझ्या दृष्टीने मात्र त्यांचे वजन नकाशावरच्या ठिपक्यापेक्षा अधिक होते.

जवळपासच्या जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडकीवर शेजार-पहाऱ्याचे चिकटपत्र होते. ब्रिटनमधील ही चळवळ १९८२ साली चेशायरमधील मॉलिंग्टन या अशाच एका लहान गावातून सुरू झाली. घरफोड्यांना कंटाळलेल्या गावकऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवायचे ठरवले आणि ती कल्पना देशभर पसरली. तिचा प्रत्यय आम्हाला तिसऱ्या संध्याकाळी आला. जेवणानंतर आम्ही शेतातल्या पायवाटेने फिरून परतत होतो. नऊ वाजत आले होते, तरी उजेड होता. मागून आलेली एक मोटार आमच्याजवळ हळू झाली, काच खाली झाली आणि एका बाईंनी विचारले की, आमची वाट चुकली आहे का. आम्ही कुठे उतरलो आहोत ते सांगताच त्यांनी मालकीणबाईंचे नाव स्वतःहून घेतले आणि काल आम्हाला चर्चजवळ पाहिल्याचेही सांगितले.

त्यांचा हेतू मदतीचा होता, यात मला शंका नाही. तरीही मुलगी पुढे बराच वेळ गप्प राहिली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, त्यांनी गोऱ्या मुलीजवळ गाडी थांबवली असती का?" बायबरीच्या पुलावर जगभरचे चेहरे असतात, तिथे आमच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, दोन मैलांवरच्या वाडीत मात्र आमचा रंग आमच्या आधी पोहोचतो. अनोळखी माणूस लगेच लक्षात येणे हाच खेड्याच्या सुरक्षिततेचा पाया आहे, आणि आपणच ते अनोळखी माणूस असतो तेव्हा तीच नजर अंगावर येते. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. ओळख होईपर्यंत ही नजर सोसावी लागेल आणि ओळख झाल्यावर तीच नजर तुझ्या दारावर राहील, असे मला वाटते, एवढे सांगितले. ती ओळख व्हायला किती महिने लागतील, हे मला सांगता येत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मालकीणबाईंपुढे यादी ठेवली: तेलाच्या टाकीला कुलूप, फाटकापाशी माणूस आला की आपोआप लागणारा दिवा, मागच्या दाराला आतून दुसरी कडी, आणि मोबाइलची रेंज नसल्यामुळे घरात तारेचा फोन. त्यांनी यादीतले काहीही नाकारले नाही. उलट पूर्वीच्या भाडेकरूंनी कुलपाची मागणी केली नव्हती याचेच त्यांना नवल वाटले. अंड्यांच्या कपाटाच्या शेतकरीणबाईंनी आपला क्रमांक पुठ्ठ्याच्या झाकणावर लिहून दिला आणि रात्री कितीही वाजता फोन करायला सांगितले.

करार वर्षाचा करण्याची मालकीणबाईंची इच्छा होती. आम्ही सप्टेंबरपासून सहा महिन्यांचाच केला. आम्ही ते गाव मे महिन्यात, रात्री नऊपर्यंत उजेड असताना पाहिले आहे. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चारलाच अंधारून येते आणि मुलगी कामावरून परतेल ती काळोखात. त्या महिन्याचे तिकीट मी काढले आहे.